राखीव फळांचा वानवळा

मी कॅनडाला निघाले तेव्हा नारायणगावात जो तो म्हणत होता, "बहिणीकडे ना? मग काय, मजा आहे!" धाकट्या बहिणीने पाठवलेल्या तिकिटावर तिचं वैभव बघायला जाण्यात थोरलीला किती मजा येते, ते थोरलीलाच ठाऊक. दहावीनंतर लग्न होऊन मी सासरच्या शेडमध्ये टोमॅटो निवडून बाजारात धाडायला उभी राहिले. शुभा मात्र शिकली आणि परदेशी गेली.

ओटावाच्या विमानतळावर ती स्वतः गाडी घेऊन आली. माझ्यासाठी जाड जॅकेट, थर्मासमध्ये आल्याचा चहा, सगळी तयारी. "ताई, बेल्ट लाव. आणि मोजे घाल, विंटर सुरूच होतोय." रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मेपलची झाडं तांबडी-पिवळी झाली होती. सुंदर होती. मी म्हटलं, "पानगळ तर आमच्याकडेही होते."

दुसऱ्या दिवशी तिने मला क्रॅनबेरीची बॉग (पाणथळ वाफा) दाखवली. शेतात गुडघाभर पाणी सोडतात, झुडपं यंत्राने झोडपतात, आणि ती पोकळ फळं आपोआप वर येऊन तरंगतात. छातीपर्यंत रबरी विजारी घातलेली माणसं ती दोराने एका कडेला ओढत होती. अख्खं तळं लाल. एक फळ तोंडात टाकलं तर करवंदाहून आंबट, कानशिलं झिणझिणली.

शेती दुसऱ्यांची, शुभा त्यांच्याकडून फळ घेते, साफ करते, पॅक करून बाजारात धाडते. म्हणजे माझाच धंदा! पण तिच्या शेडमध्ये फरशी चकचकीत आणि चिखलाचा ठिपका नाही. निवडायच्या यंत्रात चांगलं फळ टणकन उडी मारून फळी ओलांडतं, नासकं खाली पडतं. आमच्याकडे हे काम करून बायकांची कंबर मोडते. माझ्या पोटात खरोखर दुखायला लागलं.

कोपऱ्यात लाल टॅग लावलेले क्रेट रचलेले होते.

"त्यांना हात नको लावूस हं ताई," शुभा म्हणाली. "यंदा क्रॉप फार आलंय. भाव पडू नये म्हणून प्रत्येकाने थोडा माल मागे ठेवायचा असं आमच्या क्रॅनबेरीवाल्यांच्या संघाने ठरवलंय. किती ठेवला, कुठे ठेवला, त्याचं काय केलं, सगळं रिपोर्ट करायचं. सोमवारी संघाची अधिकारी बाई येऊन वजन करणार आणि तिच्यासमोर ते कंपोस्टला जाणार."

"टाकायच्या फळाचाही रिपोर्ट?"

"मग! एक क्रेट जरी बाहेर गेला तरी माझं लायसन्स जाईल."

भाव पडला की मी किती वर्षं टोमॅटो ओढ्याकाठी ओतले, कुणी मेल्याने विचारलं नाही. हिच्या टाकाऊ फळालासुद्धा वजनकाटा आणि अधिकारीण! तिच्या दुमजली बंगल्याचा हेवा मी गिळला होता, हा मात्र घशातच अडकला.

शनिवारी ओटावाच्या कनाटा उपनगरात मराठी बायकांचा भोंडला होता. शुभा पुढे गेली, मी तिच्या नवऱ्याबरोबर मागून निघाले. त्याला म्हटलं, "शेडमधून थोडा वानवळा (नव्या पिकातली भेट) घेऊ या. रिकाम्या हाताने कसं जायचं?" बिचारा संगणकातला माणूस, त्याला टॅगचं काय कळणार? दोन क्रेट गाडीत चढवले. फेर झाले, खिरापती ओळखून झाल्या. तेवढ्यात शुभा स्वयंपाकघरात गेली आणि मी पिशव्या भरभरून वाटल्या. "अय्या, किती फ्रेश!" बायका म्हणाल्या. त्या दिवशी बहिणीची पाहुणी नव्हते मी. देणारी होते.

सोमवारी वजन कमी भरलं. त्या बाईने पुन्हा तोललं, पुन्हा तेच. शुभा पांढरीफटक पडली. मी मराठीत सगळं सांगून टाकलं आणि पुढे कुजबुजले, "दोन क्रेट नासले म्हणून लिही ना. आमच्याकडे असंच करतात."

"नाही ताई. खोटं नाही लिहायचं मला." तिने त्या बाईला सरळ सांगितलं.

बाई फोन करायला बाहेर गेली. शुभा खुर्चीत बसून राहिली, बारा वर्षांची मेहनत हातातून जातेय अशी. मला तिच्या शेजारी बसवेना. आणि लाज वाटते सांगायला, पण पोटातलं दुखणं तेवढा वेळ थांबलं होतं.

बाई परतली. विक्री झालेली नाही, म्हणून यावेळी ताकीद. कारण मात्र लेखी हवं. शुभाने फॉर्म भरला आणि मला वाचून दाखवला: "माझ्या थोरल्या बहिणीने आमच्या रीतीप्रमाणे ही फळं भेट म्हणून वाटली. ती राखीव आहेत हे तिला माहीत नव्हतं."

मी तिच्याकडे पाहिलं. तिने पेन पुढे केलं. "सही कर ताई. चहा थंड होतोय." मी केली.

घरी येऊन आता महिना होतो आहे. भेटायला येणाऱ्यांना मी तळं सांगते, मेपल सांगते, उडी मारणारं फळ सांगते. ते म्हणतात, नशीबवान हो तुमची बहीण. आहेच. दोन क्रेटसाठी खोटं न लिहिणारी माझी बहीण माझ्यासाठी एक वाक्य खोटं लिहून गेली. तिच्या जागी मी असते, तर खरं लिहिलं असतं.