झाकणाच्या आतली खूण

बंद पडलेली मनगटी घड्याळं जमवायची आणि ती स्वतःच दुरुस्त करायची, हे खूळ मला भूमला मास्तरकी करताना लागलं. शिकवलं कुणी नव्हतं. तीन घड्याळं चालू केली आणि पाच कायमची मारली, तरी माझी ऐट मात्र पट्टीच्या कारागिराची होती.

एका आठवडी बाजारात भंगारवाल्याच्या गोणपाटावर एक जुनं घड्याळ दिसलं. कुठून आणलं, असं विचारल्यावर तो नजर चुकवत म्हणाला, "घ्यायचं आसंल तर घ्या गुर्जी. चौकशी कशाला?" मला तेव्हाच खटकायला हवं होतं. पण त्याचे निळसर काटे बघून माझा जीव त्याच्यात अडकला.

घरी येऊन तबकडी उचलली, तर खाली काळा मऊ गाळ. बोटांना जुन्या विहिरीचा वास आला. बायको दारातूनच म्हणाली, "कुणा मेलेल्याचं दिसतंय. फेकून द्या की." मी तिच्यावर खेकसलो. खरं तर मलाही नको नको वाटत होतं, पण हट्टापुढं माझं कधी काही चाललेलं नाही.

तीन रविवार मी गाळ काढत बसलो. शेवटी मागच्या झाकणाच्या आत सुईनं ओरखडल्यासारखं काहीतरी दिसलं. तीन तिरप्या रेघा, शेजारी एक टिंब आणि पुसट आकडे. कुणा धसमुसळ्याचं काम, असं समजून मी ते बारीक पॉलिश कागदानं घासून टाकलं. झाकणात तोंड दिसायला लागलं तेव्हा केवढा खूश झालो होतो!

आतल्या चाकाचा दांडा मात्र मोडला होता. ते काम मला जमेना, म्हणून एसटीनं उस्मानाबादला गेलो. तिथं एक म्हातारे घडीसाज घराच्या ओसरीवरच बसत. मागं पडदा, आणि पडद्याआड त्यांची मुलगी. तिचा नवरा निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या साली, दंगलीच्या दिवसांत, बैलगाडीनं गावाकडं निघाला, तो पोचलाच नाही. बारा वर्षं झाली तरी ती हातातल्या बांगड्या उतरवत नाही, हे त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. मीही ऐकून होतो.

म्हाताऱ्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि घड्याळ हातात घेतलं.

"पान्यात होतं हे," ते म्हणाले. मग यंत्राकडं न बघता त्यांनी मागचं झाकण काढून उजेडाला धरलं. "गुर्जी, इथं आत काय खरडलेलं होतं का?"

"होतं. घासून काढलं मी," मी मोठ्या ऐटीत सांगितलं.

त्यांनी झाकण खाली ठेवलं.

"आमी घडीसाज घड्याळ उघडलं की झाकनात आपली खूण टाकतो, साल टाकतो. ज्याची त्याची येगळी. असलंच घड्याळ म्या निकाहात जावयाला दिलं हुतं. पर असली घड्याळं लई हायती. खुणेबिगर कसं वळखू?" त्यांनी आवाज खाली आणला. "काय होतं त्ये तुमीच सांगा. म्या माझी खूण सांगणार न्हाय."

पडद्याआड भांड्यांचा आवाज थांबला.

मी मान खाली घातली. समोरच्या फळीवर दुसऱ्या कुणाच्या घड्याळाचं झाकण उघडं पडलं होतं. आत ताजी खूण होती. तीन तिरप्या रेघा आणि शेजारी टिंब.

खरं सांगितलं तर पडद्यामागं आत्ता, याच क्षणी काय होईल, हे मला कळत होतं. आणि दाखवायला माझ्याकडं काय होतं? एक गुळगुळीत झाकण. मला स्वतःची शिसारी आली.

"आठवत नाही," मी म्हणालो.

म्हाताऱ्यांनी माझ्याकडं बघितलं. मग माझी नजर जिकडं गेली होती तिकडं बघितलं. फळीवरचं झाकण त्यांनी सावकाश पालथं घातलं.

पडद्यामागं बांगड्या वाजल्या. "किसकी घडी है, अब्बा?"

"गाहक की," ते म्हणाले.

दुपारपर्यंत त्यांनी दांडा बसवला, चावी दिली. चालू झालेलं घड्याळ बराच वेळ कानाशी धरलं आणि मग दोन्ही हातांनी माझ्या ओंजळीत ठेवलं.

"गुर्जी," ते हळूच म्हणाले, "ह्ये घेऊन पुन्यांदा इकडं येऊ नका."