रशीदभाईंनी सांगितलेली चूक

उरणचे रशीद मुकरी केस काळे होते तेव्हापासून महापेच्या एका कंपनीत प्रोग्राम लिहीत होते. कंपनीचा मोठा प्रोग्राम एका वेळी शेकडो कामं चालवायचा. अशा प्रत्येक कामाला थ्रेड म्हणतात. एखादा थ्रेड अडकला, तर तो कुठल्या ओळीवर थांबलाय हे बाहेरून डोकावून सांगणारं टूल रशीदभाईंनी बनवलं होतं.

पण ते टूल चालू केलं की कधीतरी सगळा प्रोग्रामच कोसळायचा. मीटिंगमध्ये साहेब चिडले. "रशीद, तुमचंच टूल आपल्याला खड्ड्यात घालतंय."

"सर, टूल बरोबर आहे. चूक खाली, इंटरप्रिटरमध्ये आहे." इंटरप्रिटर म्हणजे लिहिलेली ओळ न् ओळ प्रत्यक्ष चालवणारा प्रोग्राम; तो जगभरातले लोक मिळून फुकट बनवतात. "आपण थ्रेडकडे बघत असताना तो संपला, तर त्याची जागा मोकळी होते, आणि इंटरप्रिटर तिथंच वाचत राहतो. बघून होईपर्यंत ती जागा मोकळी होऊ नये म्हणून लॉक लावायला हवा."

"जगभर चालतंय, आणि चूक फक्त तुम्हाला दिसते?"

कोणी हसलं नाही. रशीदभाईंना काचबिंदू झालाय, नजर कडेकडेने विझत चाललीय, हे सगळ्यांना ठाऊक होतं. थोड्याच दिवसांत त्यांना राजीनामा द्यायला लावला.

घरी बसून त्यांनी ती चूक सिद्ध करायला घेतली. वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर फार भराभर बोलायचं, त्यांना जमेना. मग बायको इशरत, शाळेत उर्दू शिकवणारी, ओळी वाचू लागली.

"कंस बंद. आनि हे काय हाय, दोन टिंबं?"

"कोलन. पुढं वाच."

चूक इंटरप्रिटरवाल्यांना कळवली. उत्तर आलं, आमच्याकडे असं घडत नाही. थ्रेड नेमका टूल बघत असतानाच संपला तरच ती घडायची. दाखवा म्हटल्यावर हमखास दाखवता येईना. तक्रार बंद झाली. वर्ष सरता सरता रशीदभाईंना फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळू लागलं.

एका सकाळी स्मिताचा फोन आला. ऑफिसात ती त्यांच्याच हाताखाली शिकलेली.

"सर, इंटरप्रिटरच्या नव्या आवृत्तीत ती चूक दुरुस्त झालीय. दुसऱ्या कुणीतरी कळवलं."

"लॉक कुठं लावलाय?"

तिने सांगितलं.

"हां. तिथंच पायजे होता."

"मी साहेबांना म्हटलं, रशीद सर हेच सांगत होते. ते म्हणाले, बरं, अपडेट करून टाका. सॉरी, सर."

"तू कशाला सॉरी म्हणतेस? टूल परत चालू कर. आधी नीट तपासून घे."

फोन ठेवल्यावर इशरतने विचारलं, "आता बोलावतील काय तुमाला?"

"बोलावून काय करू मी?"

त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. गालावरून पाणी ओघळत होतं, ते पुसलंही नाही. इशरतची शाळेची वेळ टळून गेली. ती उठली नाही.