सरकारी माहेर आणि आमची शेवंतामावशी

मावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी वणीच्या गॅरेजात गाडीखाली उताणा पडलो होतो. झटक्यात उठायला गेलो, डोकं सायलेन्सरवर आपटलं... मी नेमका कशानं रडतोय, ते मेकॅनिकला कळेना.

मुकुटबनच्या पलीकडे आमचं आरोग्य केंद्र. मी तिथं भाड्यानं लागलेला गाडीवाला, शेवंतामावशी स्वयंपाकीण. दूरच्या कोलाम पोडांवरच्या, म्हणजे पाड्यांवरच्या, बायांनी दिवस भरत आले की आधीच येऊन राहावं, म्हणून सरकारनं केंद्रात 'माहेर' नावाची खोली काढली. जेवण मोफत, सोबतच्या माणसाचीही सोय. पण बाया येईनात. पलंग रिकामे, पंखा नवा... मग दुपारी मीच पसरायचो. एकदा मावशी कमरेवर हात ठेवून दारात उभी. "काहून रे, तुले कितवा महिना?"

पावसाळा तोंडावर आला आणि मी पोडावरच्या मैनाला आणायला गेलो. पहिलं बाळ तिनं नाल्याकाठी, पूर ओसरायची वाट पाहतच गमावलं होतं. या खेपेला नाला चढायच्या आत ती केंद्रात पोचायलाच हवी होती. मी शासन, योजना, माता असं भाषण ठोकलं. तिची सासू म्हणाली, "एकटी धाडत नाही मी तिले. अन् मी आली तं बकऱ्या कोन पाहीन, तू?" रिकामी गाडी घेऊन परतलो.

मावशी भडकली. "माहेर म्हनता अन् लेकीले एकटी बोलावता? जाय, बकऱ्यायसकट आन!"

आणल्या. एक तर माझ्या शेजारच्या सीटवर होती. डॉक्टरसाहेब दारातच भेटले. "हे काय?" माझ्या तोंडून निघालं, "पेशंटचे नातेवाईक, साहेब." ते हसले, म्हणून माझी गाडी कामावर राहिली. मावशीनं बकऱ्या आपल्या अंगणात बांधल्या, सासूला स्वयंपाकात हाताशी घेतलं. मग पाऊस असा लागला की पोडाची वाटच बुडाली... मैना मात्र पलंगावर होती. मुलगी झाली, ठणठणीत!

सासूनं परत जाऊन पोडापोडांत फुशारकी मारली. बाया येऊ लागल्या. सासवा, लेकरं, कोंबड्या घेऊन. योजना होतीच, मावशीनं तिला गणगोत दिलं.

मावशीच्या जलदान विधीनंतर परवा एका बाईला घेऊन गेलो, तर एकच पलंग शिल्लक. ओट्याशी दोन सासवांची जुंपलेली.

"मावशी वरनात लसून ठेचून टाके!"

"चिरून टाके वं, मी पाह्यलं हाय!"

तेवढ्यात नव्या पोटुशीनं पलंगावरूनच आवाज दिला, "अवो, कसाबी टाका, पन आमाले दोघायले भूक लागली!"