विसूभाऊंची किळस

विसूभाऊ परब मोटरसायकलवरून एकटे परदेशात गेले, त्याचं कारण साबणावरचा दुसऱ्याचा केस. आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर तेव्हा कोणीतरी 'स्वतःच्या शोधात निघालेला मुसाफिर' वगैरे भारदस्त लिहिलं होतं. मला मात्र त्यांनी स्वतः जिन्यात उभं राहून सांगितलं होतं, "सुनंदा, टूरबरोबर गेलं की रूम शेअर करायची. रूम आली की बाथरूम आलं. सकाळी साबण उचलायचा आणि त्यावर कोणाचा तरी केस! शी! त्यापेक्षा मी घरी मरेन."

ही 'शी' ऐकण्यासारखी असे. पोटातून निघायची, नाकातून वळण घ्यायची आणि मानेच्या झटक्याने संपायची. बोरीवली पूर्वेला आमची बिल्डिंग. चौथ्या मजल्यावर त्यांचं आणि आमचं घर एका भिंतीचं. त्या भिंतीतून दिवसभर इतक्या 'शी' यायच्या की आमच्याकडे पहिल्यांदा आलेला पाहुणा विचारायचा, "शेजारी लहान मूल आहे का हो?" मी सांगायची, "आहे. छप्पन्न वर्षांचं आहे."

लिफ्टचं बटण ते किल्लीच्या टोकाने दाबत. कोणाकडे गेलेच तर आधी खुर्चीवर रुमाल, मग विसूभाऊ. लग्नाच्या जेवणाला स्वतःचं ताट नेत आणि ते खरकटं ताट पिशवीत घालून परत आणताना त्यांना त्याचीही किळस येई. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. लोकांच्या डब्या आणि बाटल्या हाताळण्यात माझा दिवस जातो. त्यामुळे माझ्या घरची वाटी त्यांच्या घरात जाणं शक्यच नव्हतं. "तुझे हात कुठेकुठे असतात गं दिवसभर," ते म्हणत, "तू वाईट वाटून घेऊ नकोस, पण शी!" मी वाईट वाटून घेत नसे. संतापत असे.

त्यांचं बालपण लालबागच्या चाळीत गेलं होतं. वडील गिरणीत, चाळीला सामायिक संडास आणि सकाळची टमरेलांची रांग. तिथे जे पाहिलं आणि हुंगलं ते म्हणे नाकातून कधी गेलंच नाही. पुढे नोकरीही अशी मिळाली की रोगाला खतपाणीच मिळालं. बिस्किटांच्या कारखान्यात ते तपासनीस होते. डाग दिसला की बाजूला, चिरलेलं बाजूला. माणसांचंही त्यांनी तेच केलं. लग्नासाठी एकच मुलगी पाहायला गेले. तिने फोटोंच्या अल्बमचं पान उलटताना बोटाला थुंकी लावली, आणि विसूभाऊ चहा न पिता घरी आले.

घरात ते आणि त्यांची आई. आम्ही तिला परबआजी म्हणायचो, ते 'आये' म्हणत. म्हातारी अस्सल मालवणी, जिभेला हाड नसलेली. सुकटीचा वास आला की मुलगा गॅलरीत पळतो, याची तिला चारचौघांत लाज वाटे. "मालवणी माणसाक सुकटीची घाण येता?" ती कपाळावर हात मारून म्हणायची, "खंयच्या मुहूर्तार जल्माक घातलंय मी हेका!"

त्या आजीला अर्धांगवायू झाला. एक बाजू गेली, जीभ मात्र शाबूत राहिली. सगळं अंथरुणातच सुरू झालं. विसूभाऊंनी काही कमी केलं नाही, हे मान्य करायला हवं. हवेची गादी आणली, हातमोज्यांचे खोके आणले, ब्युरोतून सकाळ-संध्याकाळच्या बाया लावल्या. पण स्वतः उंबरठ्याच्या आत एक पाऊल टाकलं नाही. नाकाला कापराचा रुमाल लावून दारातून सूचना द्यायचे. "डावीकडे राहिलंय. परत पुसा. शी, तो फडका नको, दुसरा." बाया कंटाळून सोडून जायच्या, नव्या यायच्या. आईशी बोलणंही दारातूनच चाले.

"आये, जेवलंस गे?"

"हय ये. थंयसून काय विचारतंस?"

"नंतर येतंय."

तो 'नंतर' कधी आला नाही. मी संध्याकाळी लॅबमधून परत आले की आजींजवळ पाच-दहा मिनिटं बसायची. त्या माझा हात चाचपत राहायच्या. एकदा म्हणाल्या, "तेका माझी घाण येता गो. मी काय करू? माझीच माका येता." त्या दिवशी बाहेर पडताना दारात रुमाल धरून उभे असलेले विसूभाऊ दिसले आणि खरं सांगते, लॅबमध्ये इतक्या वर्षांत कशाची आली नाही तेवढी किळस मला त्या माणसाची आली.

आणि अशात त्यांनी मोटरसायकल घेतली. कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती मिळाली होती. गाडी नवी, पण दिसायला आजोबांच्या काळातली. गोल दिवा, फुगीर टाकी, तारांची चाकं, चकचकीत सायलेन्सर. तशी महागातली नव्हे, मध्यमवर्गीय माणसाला झेपेल अशीच. "जुन्या घाटाची गाडी धुवायला बरी," ते म्हणाले. "नव्या गाड्यांच्या प्लास्टिकच्या फटींत मळ साचतो." मागची सीट काढून तिथे सामानाची जाळी बसवून घेतली. मी विचारलं, का? तर म्हणाले, "सीट असली की कोणीतरी लिफ्ट मागणार, मागे बसणार, मानेवर श्वास सोडणार."

रोज सकाळी ते सराव करू लागले. गोराईला जायचं तर लाँचमध्ये लोक अंगाला अंग लावून उभे राहतात, म्हणून भाईंदरकडून लांबचा वळसा घालून जात. तिथे वाळत घातलेले बोंबील लागले की तसेच परत. एके दिवशी जाहीर केलं, "नेपाळला चाललोय." विमानात शेजारच्याच्या कोपराला कोपर लागतं. गाडीवरून कोणाला न शिवता पोचता येईल असा परदेश तोच. आणि वर थंडी. "थंडीत माणसाला घाम येत नाही, सुनंदा. घाम नाही तर वास नाही."

आजींसाठी कुडाळहून नलूताई आली, विसूभाऊंची धाकटी बहीण. स्वतःचा संसार टाकून आली होती. निघायच्या दिवशी खाली सोसायटीच्या कमिटीने नारळ फोडला, हार घातला, अध्यक्षांनी 'आपल्या बिल्डिंगचं नाव साता समुद्रापार' असं भाषण केलं. नेपाळच्या वाटेवर एकही समुद्र लागत नाही, हे कोणी बोललं नाही. ज्या बिल्डिंगमधल्या माझ्याशिवाय एकाही माणसाने आजारी म्हातारीच्या दारात डोकावलं नव्हतं, ती सगळी बिल्डिंग मोटरसायकलबरोबर फोटो काढून घेत होती. मला तिथे उभं राहवेना. वर आले तर नलूताई आईची चादर बदलत होती. "जाऊ दे तेका," ती दात आवळून म्हणाली, "थोडे दिस तेचा तोंड तरी दिसूचा नाय." आजी मात्र खिडकीकडे कान लावून गाडीचा आवाज ऐकत होत्या.

पुढचं विसूभाऊंनी मला नंतर सांगितलं. सोनौलीला सीमेवर गाडीचा कर भरला, पोखरा गाठलं, तिथून मुक्तिनाथच्या वाटेला लागले. वाटेत कुठेही दुसऱ्याच्या हातचं खाल्लं नाही. स्वतःचा स्टोव्ह, स्वतःचं पातेलं, स्वतःची चादर, घडीची बादलीसुद्धा. एका दुपारी आदल्या दिवशीची खिचडी डब्यात उरली होती. चहाच्या टपरीत गरम जेवण मिळत असताना त्यांनी आपली स्वच्छ, शिळी खिचडी खाल्ली. पुढे घाटात पोटात कळ आली. गाडी थांबवून उतरेपर्यंतही दम निघाला नाही.

"गाडीवरच, सुनंदा," ते म्हणाले. "आणि वरून उलट्या. एका टपरीसमोर गाडी कशीबशी स्टँडला लावली आणि मी तिथेच खाली बसलो. उठताच येईना."

टपरी एका म्हातारीची होती. ती बाहेर आली, जवळ येऊन तिने नाकाला शाल लावली आणि ओरडली, "छ्या! कस्तो गनाएको!" कसली घाण येतेय, हा अर्थ विसूभाऊंना कोणी सांगायची गरज नव्हती. त्यांचंच तर वाक्य ते. म्हातारीने त्यांच्या बखोटीला धरून त्यांना मागच्या अंगणात नेलं, पाणी तापवलं आणि कपडे उतरवले. तोंडाचा पट्टा चालूच. मधेच बाहेर जाऊन थुंकून यायची, एकदा तर कोपऱ्यात जाऊन ओकली, आणि परत येऊन पाणी ओतायला लागायची. नवऱ्याची विजार आणून चढवली. दोन-तीन दिवस हेच. दर खेपेला 'छ्या', दर खेपेला शाल नाकाला, आणि दर खेपेला ती हजर.

"मी तिला विचारलं. आपल्या मुंबईच्या हिंदीत. आपको घिन नहीं आया? तिने माझ्याकडे असं बघितलं की हा माणूस वेडा आहे काय. म्हणाली, आया. बहुत आया. आणि पेजेची वाटी माझ्या हातात दिली."

हे सांगताना विसूभाऊ आमच्या दारातल्या स्टुलावर बसले होते, रुमाल न घालता. जरा वेळाने म्हणाले, "मी समजत होतो, काही लोकांना किळस येतच नाही. बाया, नर्सा, तू. देवाने तुमचं नाकच तसं केलंय. मला येते, म्हणजे हे काम माझं नाही. किती सोपं होतं बघ! आणि ही बाई. तिला माझ्याएवढीच येत होती, गं. माझ्यापेक्षा जास्तच असेल. तरी करत होती."

मुक्तिनाथ राहिलं. ते तिथूनच उलटे फिरले. कमिटीने पुन्हा हार आणला होता, अध्यक्ष भाषणाचा कागद घेऊन उभे होते. विसूभाऊंनी हेल्मेटही काढलं नाही. "नंतर," म्हणाले आणि धुळीच्या बुटांनी जिना चढून गेले. अध्यक्षांनी हार गाडीच्याच दिव्याला घातला आणि फोटो काढला. त्या फोटोलाही ग्रुपवर भरपूर अंगठे आले.

थोड्या वेळाने भिंतीपलीकडून असा आवाज आला की मी हातातलं टाकून धावले. "शी! शी! अरे देवा, शी गे आये!" आणि ओकारीचा उमाळा. आतल्या खोलीच्या दारात नलूताई तोंडाला पदर लावून उभी. ती रडतेय की हसतेय, मला कळेना. आत विसूभाऊ आजींच्या अंथरुणापाशी वाकले होते. नाकाला रुमाल बांधलेला, डोळ्यांतून पाणी, हातात फडका.

"काय खाल्लंस काय तू गे आये!"

"ओकशीत तर भायर जा मेल्या, माझ्या अंगार नको!" आजी ओरडल्या. पण अर्ध्या चेहऱ्याने का होईना, कितीतरी महिन्यांनी त्या हसत होत्या.

त्यानंतर दीड वर्ष हे चाललं. नलूताई गावी गेली, ब्युरोच्या बाया बंद झाल्या. विसूभाऊ काही संत झाले नाहीत. रोज सकाळी भिंतीतून त्यांची 'शी' यायची आणि तिला आजींची शिवी उत्तर द्यायची. कधी ते अर्ध्यावर सोडून गॅलरीत येत, कठड्याला धरून उभे राहत, हिरवेपिवळे होत. मी म्हणायची, "मी करू का?" ते हातानेच नको म्हणत आणि परत आत जात. कोणी कौतुक केलं की चिडत. एकदा अध्यक्षांनी लिफ्टमध्ये गाठून म्हटलं, "तुम्हाला जरासुद्धा किळस वाटत नाही, कमाल आहे!" विसूभाऊ भडकले. "वाटते! रोज वाटते! तुम्हाला काय माहीत?" आणि पहिल्याच मजल्यावर लिफ्टमधून उतरून पायी वर आले.

एका सकाळी आजी गेल्या. बिल्डिंगमधल्या बायका जमल्या. बाईला आंघोळ बायकांनीच घालायची, ही रीत. पण शेवटच्या दिवसांत पाठीच्या जखमा चिघळल्या होत्या आणि खोलीत वास होता. बायका पदर नाकाला लावून दारापर्यंत येत आणि एकमेकींना 'तुम्ही व्हा पुढे' म्हणत. विसूभाऊंनी बादली उचलली. एक जण म्हणाली, "अहो, पुरुषमाणसाने कसं?"

"दीड वर्ष मीच घालतोय," ते म्हणाले. "तेव्हा कोणी विचारायला आलं नाही, पुरुषमाणसाने कसं म्हणून." आणि दार लावून घेतलं.

बऱ्याच वेळाने दार किलकिलं करून त्यांनी मला आत बोलावलं. "साडी तेवढी नेसव. ते मला कधी जमलं नाही." आजी स्वच्छ होत्या, केस विंचरलेले. विसूभाऊंच्या तोंडावर रुमाल नव्हता. खोलीत कोंदट, आंबूस वास भरून राहिला होता आणि एवढ्या वर्षांच्या सवयीच्या माझ्या नाकालाही तो झेपेना. बाहेरची माणसं आत येणार होती, म्हणून मी खिडकी उघडायला गेले.

"खिडकी नको उघडूस, सुनंदा," विसूभाऊ म्हणाले. "वास जाईल."