सुगंधाअक्काचं विरजण

सुगंधाअक्का जळगावजवळच्या असोद्यातली, आमची शेजारीण. लग्नात आईनं दिलेलं विरजण तिनं कधी संपू दिलं नाही. आई गेली, विरजण राहिलं. अख्खी गल्ली तिच्याकडूनच विरजण न्यायची आणि त्याचा तिला भारी तोरा होता. दही झकास लागायचं, म्हणून मी तो खपवून घ्यायचो.

पंच्याण्णवच्या उन्हाळ्यात तिचं दही घट्ट होईना. अक्कानं नजर उतरवली, मडकं बदललं, मग शेजारणीकडून विरजण आणलं. तेही बिघडलं. बिघडणारच, ते मुळात तिच्याच घरून गेलेलं. पण हे अख्ख्या गल्लीत कुणाच्या डोक्यात आलं नाही.

शेवटी बिघडलेल्या दह्याची वाटी घेऊन मी तिला जळगावला भंगाळे सरांकडे नेलं. ते कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत. तपासून ते म्हणाले, दह्याच्या जंतूंना विषाणू लागलाय, हे सगळं फेका आणि दूरच्या गावाहून दुसरं विरजण आणा. जंतूंनाही रोग होतो, हे ऐकून आम्ही दोघं चक्रावलो. अक्कानं आईचं विरजण उकिरड्यावर ओतलं आणि दोन दिवस जेवली नाही.

पुढच्या वर्षी सरांनी पुन्हा बोलावलं. स्वारी खुशीत. विषाणू नवाच निघाला होता. बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेत त्याचा जनुकीय मजकूर अक्षर न् अक्षर वाचून झाला होता आणि तसा आधी कुठंच नोंदलेला नव्हता. हिचं दही गेलं आणि हे पेढे वाटतायत, मला रागच आला.

"मंग आता मेला का तो?" अक्कानं विचारलं.

"नाही अक्का, जपून ठेवलाय. या फ्रीजमध्ये."

"खातो काय?"

"तुमच्या विरजणातले जंतू. दुसऱ्या कशावर तो वाढतच नाही. म्हणून तेही वेगळे काढून काचेच्या नळ्यांत वाढवतो आम्ही."

"म्हंजे माह्या मायचं इरजन जित्तं हाये?"

"हो. पण घरी नेलंत तर पुन्हा तेच होईल. तुमच्या घरात तो अजून असणार."

हसावं की रडावं मला कळेना. तिलाही कळत नसावं. फ्रीजच्या दारावर तिनं तळहात ठेवला.

"मंग इथंच राहू द्या," ती म्हणाली. "पन सर, एक नळी त्याले खाऊ घालू नका. तेवढी माह्या मायची राहू द्या."