पाडून बघणाऱ्या सिस्टर

सिस्टर दुकानात शिरल्या की मी काउंटरवरचं नाजूक सामान आधी मागे सारायचो. कारण कुठलीही वस्तू विकत घेण्याआधी सिस्टर ती जमिनीवर पाडून बघत. घड्याळ असो, चमचा असो, गोळ्यांची डबी असो, आधी हातात तोलायची, मग सरळ खाली सोडायची आणि मान कलती करून ऐकायचं. आवाज पसंत पडला तर खरेदी. खालापूर स्टँडजवळचे निम्मे दुकानदार त्यांची पांढरी काठी दिसली तरी धास्तावत.

सिस्टर म्हणजे आमच्या भागातल्या सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. साखरेच्या आजारात दृष्टी गेली होती. लग्न केलं नव्हतं, लोधिवलीला एकट्या राहत. माझं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान. तिथे सहा आसनी रिक्षाने एकट्या येत आणि माझ्या वेळी आईचं बाळंतपण त्यांनी कसं केलं ते भर गिऱ्हाइकांत सांगत. "पायाळू हुतास तू. तवापासून तुझं समदं उलटंच हाय." माझे केस पिकायला लागले तरी त्यांच्या लेखी मी बाळच होतो.

पाडून बघण्यामागे एक करार होता. त्यांची भाची सुनीता पनवेलला राहायची. मावशीने आपल्याकडे यावं म्हणून ती सारखी मागे लागे. जीव लावणारी पोर, तिच्यात खोट काढायला जागा नव्हती. शेवटी सिस्टरनीच तिला शब्द दिला होता, "ज्या दिवशी माझ्या घरात माझी वस्तू मला गावायची नाय, त्या दिवशी मी आपल्या पायानं येईन." म्हणून घरात येणारी प्रत्येक वस्तू पडल्यावर कुठे आहे ते स्वतः सांगणारी हवी. मुक्या वस्तूला त्या घरात थारा नव्हता.

त्यांचा एकच शौक, पुस्तकं ऐकणं. मुंबईच्या एका संस्थेकडून अंधांसाठी वाचलेली पुस्तकं टपालाने येत. त्यातही त्यांना फक्त खुनाच्या गोष्टी लागत. कुणा थोरामोठ्यांचं चरित्र आलं की पुढच्या टपालाने परत. असं का, म्हणून मी एकदा विचारलं. "जन्मभर माणसं जन्माला घातली रं बाळा. आता चार मरू देत."

कॅसेटचा जमाना होता तोवर सगळं सुखात चाललं होतं. कॅसेट पडली की खडखडते, पडते तिथेच राहते आणि तिची कुठली बाजू वर आहे ते बोटांना कळतं. शिवाय जिथे बंद केली तिथूनच पुढे सुरू होते. मग संस्थेने कॅसेट बंद करून सीडी पाठवायला सुरुवात केली. पहिलीच सीडी सिस्टरनी माझ्या दुकानात पाडली, ती चाकासारखी गडगडत कपाटाखाली गेली. काढली, पुसली, लावली, तर एकाच वाक्यावर अडकून बसली. त्यात वीज गेली की गोष्ट पुन्हा पहिल्यापासून. "त्या एकाच म्हाताऱ्याला किती येळा मारायचा?" असं म्हणून त्यांनी सीडी माझ्याकडे परत दिली.

मग सुनीताने हौसेने एक इवलासा प्लेअर आणला. त्यात नखाएवढं मेमरी कार्ड. "मावशी, यात कपाटभर पुस्तकं मावतात," ती कौतुकाने म्हणाली. सिस्टरनी कार्ड बोटांत फिरवलं आणि सोडून दिलं. आम्ही तिघंही कान देऊन उभे होतो. काहीच वाजलं नाही. ते त्यांच्या चपलेशेजारी पडलं होतं, पण ते मला दिसत होतं म्हणून कळलं.

"हरवलं तर कपाटभर एकदमच हरवंल की गं," सिस्टर म्हणाल्या. सुनीताचा चेहरा उतरला. ही निवड पुस्तकांची नाही, मावशीच्या राहत्या घराची चालली आहे, हे तिलाही कळत होतं.

त्या प्लेअरला कार्डाऐवजी पेनड्राइव्हही चालायचा. मी दुकानात होते ते सगळे एकेक करून हातात दिले. प्लॅस्टिकचे थपकन पडत, ते नापास. मग एक पोलादी निघाला. तो शहाबादी फरशीवर असा टणकन वाजला की सिस्टर एकदम खुलल्या. वाकून पहिल्याच झडपेत त्यांनी तो उचलला. पुढे कितीतरी वर्षं तो पोलादी तुकडा लोधिवलीच्या त्या दोन खोल्यांत पडत राहिला आणि सापडत राहिला.

अलीकडे त्यांच्या तक्रारी वाढल्या होत्या. प्लेअरचा आवाज बसलाय म्हणायच्या. मी स्पीकर साफ केला, मग नवा घातला, तरी तेच. म्हणून एका रविवारी दुपारी प्लेअर बघायला मी त्यांच्या घरी गेलो. मला दाखवण्यासाठी त्यांनी पेनड्राइव्ह बाहेर काढला आणि तो बोटांतून निसटला. टणकन वाजून माझ्या पायाशी आला.

सिस्टर मान कलती करून उभ्या होत्या. वाट बघत होत्या. मला सगळं उमगलं.

"पडला नव्हं? वाजला का रं?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. पण या बाईपुढे ते कधी जमलं नव्हतं. जवळ जाऊन मोठ्याने म्हणालो, "वाजला, सिस्टर. चांगला वाजला."

त्या खुर्चीचा हात चाचपून खाली बसल्या. थोडा वेळ पदराच्या काठाशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "सुनीताला फोन लाव. म्हणावं, उद्या ये. आज नको. खुनी गावायचाय अजून."

मी फोन केला, पेनड्राइव्ह लावला आणि आवाज होता तेवढा सगळा सोडला. शेवटचं प्रकरण अख्ख्या आळीने ऐकलं. धुणं टाकून बायका दारात आल्या, समोरचा गॅरेजवाला हातातलं काम सोडून उभा राहिला. खुनी निघाला गावचा डॉक्टर. "मला पयल्यापासून त्या डॉक्टरचाच संशय हुता," सिस्टर म्हणाल्या आणि सगळी आळी हसली.

माणसं पांगली. सिस्टरनी पेनड्राइव्ह काढून माझ्या तळहातावर ठेवला आणि माझी बोटं त्यावर मिटली. मला रडू आवरत नव्हतं. बरं झालं, ते त्यांना ना दिसत होतं, ना ऐकू येत होतं.

"ठेव तुझ्याकडं," त्या म्हणाल्या. "सुनीता मला कायबी पाडू द्यायची नाय."