अनुभवाचा रकाना

लातूर जिल्हा होऊन दुसरं वर्ष चालू होतं आणि पावसानं पुन्हा दगा दिला होता. नव्या कचेऱ्या उघडत होत्या, जागा निघत होत्या. औशाकडच्या खेड्यातली सतरा वर्षांची चांगुणा मॅट्रिकची गुणपत्रिका घेऊन एसटीनं आली, ती रोजंदारीवरच्या कारकुनाच्या जागेसाठी.

कचेरीबाहेर लिंबाखाली टाइपरायटर मांडून अर्ज टाइप करून देणारे संगप्पा बसत. नाव, गाव, शिक्षण ठोकून झाल्यावर ते म्हणाले, "अनुभव? 'नाही' टाकतो."

"हाय की. आठ महिने रोजगार हमीवर होते."

"माती उचलायचीस ना? त्याला अनुभव म्हणत न्हाईत, पोरी."

चांगुणाचं डोकं तडकलं. पहिले दोन महिने पाझर तलावावर तिनं माती उचलली, हे खरं. पण मुकादम खड्डे कमी मापून बायांची मजुरी मारत होता. तिनं ओव्हरसिअरसमोर मोजायची टेप हिसकावून घेतली आणि लांबी, रुंदी, खोली मोजून दाखवली. तेव्हापासून साठ बायांचं माप तीच लिहायची. खाली सही मात्र मुकादमाची.

"'नाही' टाकू नका, काका."

"साहेब लोक हसतील."

"हसू द्या!"

तिनं कोरा कागद मागून घेतला आणि पायरीवर बसून सगळा अर्ज हातानं लिहिला. रागानं दोन जागी निब कागदात घुसली. अनुभवाच्या रकान्यात तिनं लिहिलं : पाझर तलावावर सहा महिने साठ मजुरांचं माप घेतलं. एकही चूक निघाली नाही.

आत साहेबांनी वाचलं आणि लाल पेन्सिल उचलली.

"अक्षर छान आहे, घेऊ तुला. पण मजुरीचं कशाला लिहायचं? बरं दिसत नाही."

"खोडू नका, साहेब." तिचा आवाज चढला. टेबलाटेबलांवरच्या माना वर झाल्या. "खोडायचं असंल तर अर्ज वापस द्या."

साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली.

पंधरा दिवसांनी नेमणुकीचा हुकूम आला. तिचे वडील पिराजी गल्लीभर गूळ वाटत फिरले. चांगुणानं कागद दोनदा वाचला. "अक्षर छान म्हणून घेतलं म्हणे, माप घेतल्याचं कायबी न्हाई," ती आईला म्हणाली आणि भाकरीचं पीठ तिनं असं मळलं, की परात फरशीवर आदळत राहिली.